आत्या, अत्ते आणि भैरप्पा

कन्नडमध्ये सासूलाही 'अत्ते' म्हणतात आणि वडिलांच्या बहिणीलाही 'अत्ते'च. लग्न होऊन बेळगावहून धारवाडला आले तेव्हा या एका शब्दाने माझी चांगलीच पंचाईत केली. माहेरी एक आत्या होती, सासरी एक अत्ते मिळाल्या. आत्याचं कन्नड भाजीबाजारापुरतं, अत्तेंचं मराठी पाहुण्यांपुरतं. तरी आमच्या साखरपुड्याच्या दिवशी या दोघी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून तासभर बोलत होत्या. मला वाटलं, देण्याघेण्याचं काही निघालं की काय! पोटात गोळाच आला. हळूच जवळ जाऊन ऐकलं, तर आत्या विचारत होती, "पण कात्यायनीला असं का मारलं हो त्यांनी?" आणि अत्ते डोळ्यांना पदर लावून म्हणत होत्या, "अदु बिडरी... आमची नंजम्मा! नंजम्मा!"

एवढ्यावरून तुमच्यापैकी निम्म्यांनी ओळखलं असेल. एस. एल. भैरप्पा! आत्याने त्यांची मराठीत आलेली झाडून सगळी पुस्तकं वाचलेली आणि अत्तेंनी मूळ कन्नडमधली. आमची सोयरीक पत्रिकेने जुळली असं घरचे सांगतात. माझं मत वेगळं आहे.

आपल्या भागातल्या दोन भाषांच्या घरांत भैरप्पा हे असे घरच्यासारखे होऊन बसलेत. हुबळीकरांना तर त्यांच्यावर थोडा जास्तच हक्क वाटतो, कारण हासन जिल्ह्यातल्या संतेशिवरचा हा गरीब मुलगा शिकून प्राध्यापक झाला तो पहिल्यांदा हुबळीच्या काडसिद्धेश्वर कॉलेजात. १९५८ च्या सुमाराची गोष्ट. तर्कशास्त्र आणि मानसशास्त्र शिकवायचे. पुढे गुजरात, दिल्ली, म्हैसूर असं फिरून १९९१ मध्ये निवृत्त झाले. मराठी घरांत त्यांना आणलं ते उमा विरूपाक्ष कुलकर्णी यांनी. त्या जन्माने बेळगावच्या. विरूपाक्षरावांनी कन्नड वाचून दाखवायचं आणि उमाताईंनी ते ऐकून मराठीत उतरवायचं, अशी त्या जोडप्याची पद्धत. 'वंशवृक्ष'च्या अनुवादाला १९८९ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. आत्याला याचं कोण कौतुक! "बघ, नवरा वाचतोय आणि बायको लिहितेय. असा संसार पाहिजे," म्हणायची.

२०२५ च्या २४ सप्टेंबरला भैरप्पा बेंगळुरूत गेले. नव्वदी ओलांडलेली होती, धक्का बसावा असं काही नव्हतं. तरी अत्तेंनी त्या दिवशी टीव्ही बंद केला आणि कपाटातली पुस्तकं काढून एकेक पुसत बसल्या. आत्या त्याआधीच गेली होती. तिच्या मराठी प्रती माझ्याकडे आल्या होत्या. त्याही मी त्यांच्या शेजारी नेऊन ठेवल्या. दोघी मिळून पुसल्या.

पुढच्या आठवड्यात आमच्या कॉलेजात भैरप्पांच्या पुस्तकांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. चार टेबलं, पांढऱ्या चादरी, फोटोला हार, बस. पुस्तकांची यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण 'मॅडमच्या घरी सगळं आहे'. आणि तिथेच भानगड सुरू झाली. एक तरुण प्राध्यापक येऊन सांगून गेला, "मॅडम, 'आवरण' मधोमध ठेवा. बाकीची आजूबाजूला." तासाभराने दुसरे एक ज्येष्ठ सहकारी आले. म्हणाले, "'आवरण' ठेवणार असाल तर मी उद्घाटनाला येत नाही." तिसऱ्याने सुचवलं, "हे सगळंच सोडा, कशाला उगाच?" मी यादीचा कागद घरी आणला आणि तीन दिवस नुसती त्याच्याकडे बघत बसले.

एखादा लेखक आपल्याला जीव लावून बसतो, त्याची पुस्तकं आपल्या घराच्या आठवणींत मिसळून जातात, आणि मग तोच असं काही लिहितो की आपल्याला पानावरून मान वर करावीशी वाटत नाही. तेव्हा काय करायचं? त्याला घराबाहेर काढायचं, की त्याच्या वतीने भांडत राहायचं? यादी करता करता मला एक जाणवलं. या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरातल्या बायकांनी केव्हाच शोधलं होतं. माझंच अडलं होतं.

आत्याचं आधी सांगते.

आत्या एकविसाव्या वर्षी विधवा झाली. पदरात दीड वर्षाचा मुलगा. काही वर्षांनी तिने दुसरं लग्न केलं. सत्तरच्या दशकातलं बेळगाव, त्यातही आमची गल्ली! लोक काय काय बोलले असतील त्याची कल्पना करा. मुलगा पहिल्या सासरीच राहिला, तशी अटच होती. ऐंशीच्या दशकात माझ्या वडिलांनी तिला 'वंशवृक्ष' आणून दिली. तिने एका रात्रीत वाचली. सकाळी लाल डोळ्यांनी आमच्याकडे आली आणि वडिलांना म्हणाली, "दादा, हे माझ्यावरच लिहिलंय. फक्त शेवट खोटा आहे."

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६५ ची ही कादंबरी. नंजनगूडचे श्रीनिवास श्रोत्री हे विद्वान, आचारनिष्ठ गृहस्थ. त्यांचा एकुलता एक मुलगा कपिला नदीत बुडून जातो. मागे तरुण सून कात्यायनी आणि तान्हा नातू. ती म्हैसूरला कॉलेजात जाऊ लागते, तिथल्या एका प्राध्यापकावर तिचं मन बसतं, लग्न करते. मुलगा श्रोत्रींकडे राहतो. श्रोत्री तिला अडवत नाहीत. शिव्याशाप देत नाहीत. आत्या जीव टाकायची तो या श्रोत्रींवर! तिच्या सासऱ्यांनी तिच्या तोंडावर दार लावून घेतलं होतं. "असा एक सासरा निदान पुस्तकात तरी आहे," म्हणायची आणि ती पानं पुन्हा पुन्हा काढून वाचायची.

पण पुढे काय होतं? कात्यायनीचे एकामागून एक गर्भपात होतात. ती आतून पोखरत जाते आणि शेवटी मरते. आत्याचा राग यावर होता. ती म्हणायची, "लोक बोलले असं लिहिलं असतं तर मी मान्य केलं असतं. लोक बोललेच. पण यांनी ते लोकांकडून नाही बोलवलं, माझ्या पोटाकडून बोलवलं." दुसऱ्या लग्नातून आत्याला दोन ठणठणीत मुली झाल्या. एक सध्या पुण्यात आहे, एक हुबळीत शाळा चालवते. त्यांच्याकडे बोट दाखवून ती विचारायची, "या दोघी भैरप्पांना कुणी दाखवल्या नव्हत्या का?"

गंमत बघा, याच कादंबरीत श्रोत्रींना उतारवयात कळतं की ज्या वंशाचा धागा टिकवण्यासाठी आपण जन्मभर झिजलो, त्या वंशाचं रक्त आपल्या अंगात नाहीच. म्हणजे वंशाच्या अभिमानातला पोकळपणा लेखकाला लख्ख दिसत होता. श्रोत्रींना त्याने सत्य दिलं आणि त्या सत्यानिशी घराबाहेर पडण्याची मोकळीक दिली. कात्यायनीला मात्र शिक्षा. मी एमएला असताना यावर पानंच्या पानं लिहिली, 'पात्राची मानसिक घुसमट' वगैरे मोठे शब्द वापरून. मार्कही बरे मिळाले. आत्याने एका वाक्यात सांगितलं होतं त्यापलीकडे त्यात काही नव्हतं.

मग आत्याने काय केलं असेल? पुस्तक फेकलं? छे! दर दोन वर्षांनी ती 'वंशवृक्ष' वाचायचीच. पण तिच्या प्रतीची शेवटची साठेक पानं तिने केसांच्या आकड्याने टाचून ठेवली होती. कात्यायनीच्या लग्नापर्यंत यायचं आणि पुस्तक मिटायचं. "पुढचं मला माहीत आहे, ते मी मानत नाही," इतकं साधं. कुणी विचारलं तर लपवायचीही नाही. पुस्तक मागायला आलेल्या शेजारणीला आकड्यासकट द्यायची आणि वर कारणही सांगायची.

आता अत्ते. अत्तेंचं पुस्तक 'गृहभंग', १९७० चं. शानभोगाच्या घरातली नंजम्मा. नवरा आळशी, खादाड. त्याच्या दप्तराचे हिशोब हीच लिहिते, पत्रावळी लावून पैसा जोडते, सासू गंगम्माच्या तोंडच्या शिव्या ऐकते, आणि प्लेगमध्ये पोटची मुलं घालवून शेवटी स्वतःही त्यातच जाते. भैरप्पांची आई आणि भावंडं खरोखरच प्लेगने गेली. त्यामुळे या कादंबरीत कुठेही भाषणबाजी नाही. नुसतं घडत जातं. गिरीश कासरवल्लींनी त्यावर मालिका केली तेव्हा त्या अर्ध्या तासात आमच्या घरचा फोनसुद्धा कुणी उचलत नसे, असं माझे यजमान सांगतात. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना प्लेगच्या वेळी गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहिल्याच्या गोष्टी त्यांच्या आज्यांनी सांगितलेल्या असतात. अत्तेंनाही सांगितल्या होत्या. नंजम्मा त्यांना पुस्तकातली बाई वाटतच नाही.

आणि याच अत्ते, २०१० मध्ये 'कवलु' आली तेव्हा! शहाण्यासवरत्या शिकलेल्या बायका, कायद्याचा धाक दाखवून नवऱ्याला आणि सासरच्यांना छळणाऱ्या, असा तिचा रोख. स्त्रीवादावर सरळ हल्लाच. अत्तेंनी ती दोन दिवसांत संपवली आणि एक अक्षर न बोलता माझ्या टेबलावर, पेपर तपासायच्या गठ्ठ्यावर, आणून ठेवली. आमच्या लग्नाला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. मी वाचली. मग माझंही डोकं फिरलं. पुढचे आठ दिवस घरात 'सारू वाढू का' आणि 'पुरे' याखेरीज संभाषण नव्हतं. यजमान बिचारे संध्याकाळी मित्रांबरोबर गिरमिट खाऊनच घरी यायचे. सुरक्षित मार्ग.

नवव्या दिवशी मी कपाटातली 'गृहभंग' काढली आणि अत्तेंसमोर ठेवली. म्हटलं, "अत्ते, या नंजम्माच्या हाताशी एखादा कायदा असता तर? तिने त्याचा उपयोग केला असता तर तुम्ही तिला काय म्हटलं असतं?" त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप माझ्यापुढे ठेवत विचारलं, "मी गंगम्मासारखी आहे का गं?"

मी नाही म्हटलं. खरंच नाहीत त्या. 'कवलु' मग वरच्या फळीवर गेली आणि तिथेच राहिली. अत्तेंचं म्हणणं, "असल्याही बायका असतात, त्यांनी लिहिलं ते खोटं नाही. पण नंजम्मा जास्त असतात, ते या खेपेला विसरले." माझ्या मते 'कवलु'वर याहून चांगलं परीक्षण कुणी लिहिलेलं नाही. भैरप्पांना उत्तर द्यायला भैरप्पाच उपयोगी पडले, हेही मला त्या दिवशी कळलं.

इथे कुणी म्हणेल, लेखकाचा माणूस म्हणून विचार वेगळा करा आणि कला तेवढी घ्या. गाण्याच्या बाबतीत आपण हे करतोच. आणि हुबळी-धारवाडच्या माणसाला गाण्याबद्दल काय सांगावं! गंगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर, बसवराज राजगुरू यांचं हे गाव. म्हणून भैरप्पांची 'मंद्र' इथे इतकी वाचली जाते. त्यातला मोहनलाल हा गवई कल्पनेतला. गळ्यातून स्वर्ग उभा करणारा आणि माणूस म्हणून मात्र क्षुद्र, स्वार्थी, बायकांना वापरून टाकून देणारा. ज्या बाईला त्याने वाऱ्यावर सोडलं, तिनेसुद्धा त्याचं गाणं ऐकून मान डोलवावी का? भैरप्पा पाचशेहून जास्त पानं हा प्रश्न फिरवत राहतात आणि उत्तर देत नाहीत. याच कादंबरीला २०१० चा सरस्वती सन्मान मिळाला.

बरीच वर्षं मीही 'मंद्र'चाच आधार घ्यायची. गाणं ऐका, गवई विसरा. पण यादी करताना ध्यानात आलं की भैरप्पांना हे लागूच पडत नाही. मोहनलालची पापं त्याच्या यमनमध्ये ऐकू येत नाहीत. भैरप्पांचं उलट. माणूस म्हणून साधे, शिस्तीचे, एकेका कादंबरीसाठी वर्षानुवर्षं अभ्यास करणारे. खटकतं ते त्यांच्या वागण्यात नाही, ते वाक्यावाक्यांत आहे. कादंबरीतली मतं कादंबरीपासून सोलून वेगळी कशी काढणार? आत्याला ते कळलं होतं, म्हणून तिने लेखकावर नाही, पानांवर आकडा लावला.

आता ज्याच्यामुळे तीन दिवस यादी अडली त्या 'आवरण'कडे येते.

२००६ च्या सुमारास टिपू सुलतानावरून कर्नाटकात मोठा वाद पेटला. एका बाजूला गिरीश कर्नाड, दुसऱ्या बाजूला भैरप्पा, 'विजय कर्नाटक'च्या पानांवर लेखांवर लेख. हेच कर्नाड, ज्यांनी ब. व. कारंतांबरोबर १९७१ मध्ये 'वंशवृक्ष'वर सिनेमा केला आणि १९७७ मध्ये 'तब्बलियु नीनादे मगने'वर. दुसऱ्याची कादंबरी आवडल्याशिवाय कुणी दोन दोन सिनेमे करत नाही. तरी भांडायच्या वेळी ते कडकडून भांडले. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, 'आवरण' आली. प्रकाशनाआधीच पहिली आवृत्ती संपली आणि पाच महिन्यांत दहा आवृत्त्या निघाल्या. लक्ष्मी नावाची मुलगी लग्नासाठी रझिया होते, हंपीवरच्या माहितीपटाच्या कामात तिला शंका येऊ लागतात, वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पुस्तकांच्या खोलीत बसून ती औरंगजेबाच्या काळावर कादंबरी लिहिते. शेवटी संदर्भग्रंथांची यादीसुद्धा. अनंतमूर्ती तेव्हा म्हणाले, भैरप्पा कादंबरीकार नव्हेत, वादपटू आहेत, अशा अर्थाचं. त्यावरून पुन्हा रणकंदन. बाजूने आणि विरोधात कन्नडमध्ये अख्खी पुस्तकं निघाली.

मी तेव्हा नोकरीला नुकतीच लागले होते. दुपारच्या सुट्टीत स्टाफरूममध्ये 'आवरण'ची प्रत हातोहात फिरायची. कुणी तरी त्यातले उतारे मोठ्याने वाचायचं. कोपऱ्यातल्या टेबलावर आमची एक सहकारी डबा उघडून बसलेली असायची. कन्नड विषयाची, पिढ्यान्‌पिढ्या धारवाडची, मुसलमान. एकदा वाचणाऱ्याने मुद्दाम तिला विचारलं, "तुमचं काय मत आहे, मॅडम?" ती म्हणाली, "वाचते आहे अजून," आणि अर्धा डबा तसाच बंद करून तासाला निघून गेली. घंटा व्हायला पंधरा मिनिटं होती.

मी काही बोलले नाही. मला तो प्रश्न आवडला नव्हता. पण मी भैरप्पांची भक्त, आत्याची भाची, अत्तेंची होणारी सून! मनात म्हटलं, केवढा अभ्यास आहे, शेवटी ग्रंथसूची आहे, कुणी तरी हे लिहायलाच हवं होतं. आणि तिच्या अर्ध्या डब्याकडे मी दुर्लक्ष केलं. पुढे आमची मैत्री झाली, घट्ट झाली, मुलं एका शाळेत गेली. पण त्या दुपारबद्दल आम्ही दोघी कधीच बोललो नव्हतो.

चौथ्या दिवशी यादी घेऊन मी तिच्याकडे गेले. म्हटलं, "तू सांग. ठेवू की नको?"

ती हसली. म्हणाली, "'गृहभंग' मी बीएला वाचली. नंजम्मा वाचताना मला माझी नानी दिसत होती. तिचीही मुलं गेली होती, तीही दुसऱ्यांच्या घरी राबायची. मी रडले. मला तेव्हा वाटलंसुद्धा नाही की हे दुसऱ्या कुणासाठी लिहिलंय. 'आवरण' मी दोनदा वाचली, संपूर्ण. त्यात मी कुठेच नव्हते. माझ्याविषयी बोलणारे लोक होते." थोडं थांबून म्हणाली, "औरंगजेबाचा हिशोब माझ्याकडे का मागायचे गं सगळे, डबा खाताना?"

मग तिने विचारलं, "तू तेव्हा का गप्प बसलीस?"

मी खरं ते सांगितलं. पुस्तकावर प्रेम होतं म्हणून. पुस्तकाच्या बाजूने कुणी काही वाईट वागलं तरी ते पुस्तकाच्याच खात्यात जमा होईल आणि मग आपल्याला काही तरी बोलावं लागेल, याची भीती होती म्हणून. आम्हा चाहत्यांचं असंच होतं. लेखकाचं कौतुक करायला आपण सगळ्यांत पुढे असतो, आणि त्याच्या पुस्तकाने शेजारच्या माणसाचा घास अडला तर आपलं लक्ष नेमकं खिडकीबाहेर असतं.

इतिहासातली क्रूर पानं झाकू नयेत, हे मलाही मान्य आहे. देवळं पडली, हंपी लुटली गेली, हे काही कुणी बनवून सांगितलेलं नाही. माझी तक्रार कादंबरी म्हणून आहे आणि ती आता मी उघड सांगते. ज्या माणसाने 'पर्व'मध्ये कुंतीला, द्रौपदीला, कर्णाला, प्रत्येकाला स्वतःचं मन दिलं, ज्याने गंगम्मासारख्या शिवराळ सासूलाही नुसती दुष्ट करून सोडलं नाही, त्याला 'आवरण'मधल्या अमीरला एक धड वाक्य देता येऊ नये? आणि त्यातले ते प्राध्यापक शास्त्री! नायिकेशी न पटणारा जो कोणी येतो तो लबाड तरी निघतो, नाही तर लोभी. उलट बाजूचा साक्षीदारच नसलेला खटला जिंकायला कितीसा वेळ लागतो? हे लिहायला भैरप्पांची गरज नव्हती. म्हणून जास्त वाईट वाटतं.

अर्थात हे दुखणं आपलं एकट्याचं नाही. माझी मुलगी आठवीत आहे, हॅरी पॉटर तिला पाठ आहे. त्या लेखिकेने २०२० च्या सुमारास तृतीयपंथी व्यक्तींविषयी जी मतं मांडली, त्यावरून हिच्या मैत्रिणींमध्ये दोन तट आहेत. एकीने पुस्तकं रद्दीत देऊन टाकली. माझ्या मुलीने दिली नाहीत, पण हल्ली शाळेत ती पॉटरचं दप्तर नेत नाही. मी विचारलं तर म्हणाली, "घरी वाचते की." मला माझी स्टाफरूम आठवली.

मैत्रिणीने यादी हातात घेतली आणि पेनाने आकडे घातले. म्हणाली, "मधोमध नको आणि कोपऱ्यातही नको. सालाप्रमाणे लाव." तसंच लावलं. १९६५ ची 'वंशवृक्ष', १९७० ची 'गृहभंग', १९७९ ची 'पर्व', मग पुढची, मग २००७, २०१०, आणि शेवटी २०१७ ची 'उत्तरकांड'. प्रत्येक कन्नड प्रतीशेजारी, असेल तिथे मराठी. 'आवरण'च्या आजूबाजूला तिच्यावर टीका करणारी पुस्तकंही मांडली. मधोमध हवी म्हणणारे थोडे फुरंगटले. न येणारे आले नाहीत. 'कशाला उगाच' म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगितलं की ३० ऑगस्ट २०१५ ला याच गावात, कल्याणनगरात, डॉ. कलबुर्गींना त्यांच्या दारात गोळ्या घातल्या गेल्या. लेखकाशी भांडायचं ते कसं, हे मुलांना दाखवायला आपल्या गावाइतकी गरज कुठे असेल?

उद्घाटनाला हार-तुरे झाल्यावर मैत्रीण 'आवरण'वर दहा मिनिटं बोलली. आवाज चढवला नाही. 'गृहभंग'पासून सुरुवात केली आणि डब्यापर्यंत आली, नावं न घेता. मी 'वंशवृक्ष'च्या शेवटावर बोलले. आत्याची प्रत आकड्यासकट टेबलावर होती, आणि लग्नानंतर कात्यायनीचं काय व्हायला हवं होतं ते मुलांना विचारलं. मुली भराभर बोलल्या. मुलगे आधी गप्प होते, मग तेही. अत्ते पहिल्या रांगेत बसल्या होत्या. 'गृहभंग' दुसऱ्या टेबलावर गेली म्हणून जरा नाराज होत्या, पण घरी आल्यावर म्हणाल्या, "तुझ्या मैत्रिणीला एकदा जेवायला बोलाव. तिच्या नानीचं विचारायचंय."

शेवटी मागच्या बाकावरचा एक बीकॉमचा मुलगा उभा राहिला. "मॅडम, मग 'आवरण' वाचायची की नाही वाचायची?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मैत्रीणच म्हणाली, "लायब्ररीत एकच प्रत आहे. आज नाव लिहून गेलास तर पंधरा दिवसांत मिळेल. तोवर 'गृहभंग' घेऊन जा, ती माझी आहे, पानं दुमडू नकोस."